अहो, ती रेघ चुकून राहिली नव्हती!

काल संध्याकाळी राजवाडा चौकातून गाडीवरून येत होते. सहज मान वर केली, तर समोर दहा बाय आठचा फ्लेक्स. माझाच. म्हणजे चार रात्री जागून केलेलं काम माझं, अजून न मिळालेले पैसे माझे, आणि समोर जे लटकत होतं ते कुणाचं देव जाणे. मी तशीच मधे थांबले. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, मग शिव्या देत बाजूनं गेला. त्याचं बरोबरच होतं म्हणा.

झालं काय ते सांगून टाकते, नाहीतर आजही झोप यायची नाही. इथल्या एका हौशी मंडळाची एकांकिका, नाव 'पूररेषा'. २०१९ चा ऑगस्ट ज्यानं सांगलीत काढलाय त्याला या शब्दाचा अर्थ विचारायची गरज नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. पाणी ओसरल्यावर भिंतीभिंतींवर ती मातकट रेघ राहिली होती. आमच्या घरात ती फ्रीजच्या डोक्यावरून गेली होती, रंग दिला तरी मला अजून दिसते.

तर नाव ऐकलं आणि डोक्यात लख्ख दिसलं: शिरोरेखा! आपली अक्षरं रोमन अक्षरांसारखी खालच्या रेघेवर बसत नाहीत, वरच्या रेघेला लोंबकळतात. मग ती रेघच पाण्याची रेघ करायची. पोस्टरच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग, मातकट, थोडी ओघळलेली. अक्षरं सगळी तिच्याखाली, बुडालेली. 'पू'चा ऊकार तळातला गाळ ढवळत गेलेला. आणि पाण्याच्या वर एकच गोष्ट, 'रे'ची मात्रा, बुडणाऱ्याचा हात वर यावा तशी. वरचं अर्धं पोस्टर कोरं. नुसतं आभाळ. हे रोमन लिपीत करून दाखवा बघू. तिथं रेघच नाही, तर बुडवणार कशाखाली?

अध्यक्षकाकांना दाखवलं. "वा वा, छान आहे गं. फक्त ओपन फाईल दे, नावं वाढतील." माझी चूक इथं झाली. कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्यायला पाहिजे होतं, मग फॉन्ट बदलता आला नसता. दिली ओपन.

फ्लेक्सवाल्याकडे माझा फॉन्ट नव्हता. त्यानं त्याच्याकडचा, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा, जाडजूड फॉन्ट लावला. तो चौकटीत बसेना, मग दोन्ही बाजूंनी ओढला. ओढलेलं अक्षर कसं दिसतं ठाऊक आहे ना? उभ्या काना-दांड्या खांबासारख्या जाड आणि आडवी शिरोरेखा तेवढीच्या तेवढीच. मग त्याला पांढरी किनार, किनारीला काळी किनार, काळ्याला सावली. मागे पिवळा-लाल. आणि वरच्या आभाळात चौदा शुभेच्छुक, गॉगलसकट!

फोन केला. "ओ दादा, काय केलंत हे?"

"का मॅडम? भारी उठून दिसतंय की. वर लई जागा रिकामी होती, वाया गेली असती. आणि ती मधली रेघ चुकून लांब राहिली होती, ती मी काढली. तुमच्याकडून राहून गेली असंल."

राहून गेली असंल!!

या माणसावर तरी मी किती चिडू? तो दिवसाला पन्नास वाढदिवस छापतो. मला राग येतो तो मोकळी जागा दिसली की पोटात दुखणाऱ्या सगळ्यांचा. जेवणावळीत पान रिकामं दिसलं की वाढप्या धावतो, तसे हे कागदावर धावतात. पैसे जागेचे दिलेत ना, मग भरा! बरं, हीच मंडळी मोबाईलवर सफरचंदाच्या कंपनीची जाहिरात दाखवून म्हणतात, "असं काहीतरी क्लीन करा." केलं होतं की क्लीन. मराठीत केलं म्हणून ते अर्धवट वाटलं. इंग्रजी शब्द एका कोपऱ्यात बारीक ठेवला की ती स्टाईल, मराठी शब्द ठेवला की "मोठं करा, वाचता येत नाही."

आणि वाचता येण्याची इतकी काळजी आहे ना, तर मग अक्षरांमधलं अंतर वाढवून शिरोरेखा कोण तोडतं? इंग्रजी अक्षरं लांब लांब ठेवली की ऐटदार दिसतात, म्हणून तेच बटण मराठीवर दाबायचं. 'शु भ वि वा ह' असा दात पडल्यासारखा शब्द. शिरोरेखा तोडायचीही असते, नाही असं नाही, पण कुठं आणि का हे ठरवून. दोन ओळींतलं अंतरही तसंच. सॉफ्टवेअर आपोआप जे देतं ते रोमन अक्षरांच्या मापानं देतं. आपल्याकडे वरून रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खालून उकार. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो, कुणाला काही वाटत नाही. जुन्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांचं सेटिंग चालू करायचं विसरलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी. तसंही छापतात. मार्केट यार्डाच्या रस्त्याला 'शेतकर्यांचे सहर्ष स्वागत' मी गेली दोन वर्षं वाचतेय. 'ऱ्या' काढता येत नाही म्हणे! हिंदी वळणाच्या 'ल' आणि 'श'बद्दल तर बोलायलाच नको. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श काढून दाखवलाय, कित्येक फॉन्टांत तो आत बसलेलाही असतो, भाषा मराठी निवडली की बाहेर येतो. एक क्लिक. तेवढंही होत नाही.

"मराठीत फॉन्टच कुठंयत?" हे वाक्य पुढच्या वेळी जो बोलेल त्याच्या डोक्यावर मी भडंगाची पिशवी रिकामी करणार आहे. 'एक टाइप' नावाची फॉन्ट करणारी मंडळी आहेत, त्यांचा मुक्ता सात जाडींमध्ये आहे, फुकट आहे. त्यांचाच मोदक बघा, इतका गलेलठ्ठ की अक्षरांच्या पोटातली जागा नुसती चिरेएवढी उरलीय. प्रयोग म्हणतात तो हा. उतरवून घ्यायला दोन मिनिटं लागतात. पण नाही. संगणक नवा, प्रिंटर नवा आणि फॉन्ट सीडीवरून आलेला. त्या जुन्या फॉन्टांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले, त्यामुळे फाईल दुसऱ्याकडे उघडली की 'पूररेषा'च्या जागी नुसतं एबीसीडीचं गबाळ.

आणि हे कुठं चाललंय? इथून हाकेच्या अंतरावर मिरज. नाना फडणविसांच्या वेळी पुण्यात एका तांबटाकडून गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घ्यायचं काम निघालं, नाना गेल्यावर तो कारागीर मिरजेला आला आणि तिथले संस्थानिक गंगाधरराव पटवर्धनांनी १८०५ मध्ये ती गीता छापवून घेतली. सगळं हातानं, उलटं कोरून, तांब्यावर. तिथून दहा किलोमीटरवरच्या आमच्या दादांना सरळ अक्षर सरळ ठेवता येत नाही. शिवाय काम नाटकाचं! १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं म्हणून आम्ही नाट्यपंढरी म्हणवून घेतो. याच मराठी नाटकांची नावं कमल शेडगे आयुष्यभर रेखाटत राहिले, जाहिरातीतल्या अक्षरावरून नाटक ओळखू यायचं. आणि आम्ही पंढरीत राहून विठोबाच्या डोक्यावर चौदा शुभेच्छुक बसवतो.

रात्री काकांना फोन केला. आवाज जमेल तेवढा खाली ठेवला, मोठे आहेत. म्हटलं, "काका, ती रेघ म्हणजेच नाटक होतं हो." ते म्हणाले, "अगं, लोकांना नाव आणि वेळ कळल्याशी कारण." मग जरा थांबून, "आणि ती नावं घातली नसती तर हॉलचं भाडं कुणी दिलं असतं?" यावर मला काही बोलता आलं नाही. तेही खरंच.

आज सकाळी त्यांचा मेसेज आला. साताऱ्याला प्रयोग लागलाय, फ्लेक्स तोच ठेवायचा, फक्त तारीख बदलून दे. आणि खाली: "पिवळा रंग जरा कमी कर बेटा, तू फार भडक घेतलायस असं सगळेच म्हणतायत."