ऑनलाइन सेलचा तो फिरता संदेश, एकेक दावा तपासून

दसरा तोंडावर आला की सोलापुरातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक संदेश फिरायला लागतो. सोसायटीचा ग्रुप असो, पालकांचा असो की भिशीचा, तो येतोच. शब्द इकडचे तिकडे होतात, पण गाभा असा: "नवी पेठेतले दुकानदार लुटतात. ऑनलाइन सेलमध्ये 70 टक्के सूट असते, वर्षातला सगळ्यात कमी भाव तिथेच मिळतो. नो-कॉस्ट ईएमआयवर घ्या, व्याज शून्य. इन्कॉग्निटोमध्ये साइट उघडा, भाव आणखी उतरतो. चार स्टार बघा आणि डोळे झाकून घ्या. नाही आवडलं तर परत करा, धोका काहीच नाही. अगदी सोलापुरी चादरसुद्धा सोलापूरपेक्षा ऑनलाइन स्वस्त पडते." आणि शेवटी, दहा जणांना पाठवा.

ऑनलाइन खरेदीला माझा विरोध नाही. पुस्तकं, जुन्या उपकरणांचे सुटे भाग, इथल्या बाजारात न मिळणाऱ्या वस्तू मी ऑनलाइनच मागवते. योग्य बँकेचं कार्ड हाताशी असेल तर सेलमध्ये मोबाइल खरोखर स्वस्त मिळतो, हेही खरं. पण हा संदेश विडी वळणाऱ्या बायकांपर्यंत पोचतो, यंत्रमागावर पाळी करणाऱ्यांपर्यंत पोचतो, बोनस हातात आल्यावर वर्षातून एकदाच मोठी वस्तू घेणाऱ्या घरांपर्यंत पोचतो. तिथे पाचशे रुपये कमी-जास्त झाले तर आठवड्याचा किराणा हलतो. म्हणून एकेक दावा नीट बघायला हवा. बघताना एक गोष्ट प्रत्येक ठिकाणी सापडते. दावा ज्या आकड्यावर उभा आहे, तो आकडा विकणाऱ्यानेच मांडलेला आहे.

सत्तर टक्के सूट, पण कशावर? काट मारलेल्या किमतीवर. आमच्या शेजारच्या मावशींना मिक्सर घ्यायचा होता. मुलाने मोबाइलवर दाखवला: 8,499 वर काट, खाली ठळक 3,299, बाजूला हिरव्या अक्षरांत 61 टक्के सूट. मावशी म्हणाल्या, "बावन्नशे रुपये वाचतेत की!" मी म्हटलं, बटण दाबायच्या आधी नवी पेठेत एक चक्कर मारून येऊ. तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर, तेवढीच भांडी. खोक्यावर एमआरपी 8,499 च छापलेली. दुकानदाराने पहिला भाव 3,500 सांगितला. मावशींनी मोबाइल पुढे केल्यावर म्हणाला, "घ्या ओ मावशी, 3,350 द्या, हितंच चालवून दाखवतो." वाचत होते ते 51 रुपये. 8,499 ला तो मिक्सर आम्हाला कुणी सांगितलाच नाही, ना दुकानात ना मोबाइलवर. मग 5,200 रुपये वाचले कुठून?

एमआरपी म्हणजे सरकारने ठरवलेली किंमत, असा पुष्कळांचा समज आहे. काही औषधांच्या कमाल किमती सरकार ठरवतं, पण मिक्सर, कुकर, बूट, इअरफोन यांची एमआरपी बनवणारी किंवा आयात करणारी कंपनीच छापते. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. ती छापील किंमत किती उंच असावी यावर मात्र अशा वस्तूंसाठी बंधन नाही. त्यामुळे मोठी एमआरपी छापून तिच्यावर मोठी सूट दाखवणं कायद्यात बसतं. टक्केवारीकडे बघूच नये. मॉडेल नंबर घ्यावा, दोन साइटवर आणि दोन दुकानांत विचारावं, आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानावरची रक्कम धरावी. प्लॅटफॉर्म फी, डिलिव्हरीचे पैसे, कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार हे सगळं त्या शेवटच्या पानावर येतं.

वर्षातला सगळ्यात कमी भाव सेलमध्येच असतो, हा दुसरा दावा. काही वस्तूंचा असतो, सगळ्यांचा नसतो. फ्लिपकार्टने 6 ऑक्टोबर 2014 ला पहिला मोठा सेल लावला, तेव्हा माल संपला, ऑर्डरी रद्द झाल्या, आणि काही वस्तूंचे भाव आधीच वर गेल्याच्या तक्रारी आल्या. दुसऱ्याच दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. तेव्हापासून व्यवस्था सुधारल्या, पण सेलच्या आधी भाव वर सरकवून मग खाली आणणं एखाद्या विक्रेत्याला आजही जमतं. तपासायला सोपा मार्ग आहे. कीपा किंवा बायहटके यांसारखी साधनं एखाद्या वस्तूच्या मागच्या काही महिन्यांच्या भावाचा आलेख दाखवतात. आलेखात जुलैत 3,100 आणि सेलमध्ये 3,299 दिसलं, की बाकी काही समजून घ्यायची गरज उरत नाही.

जाहिरातीतल्या "फक्त अमुक रुपयांत" या किमतीत बरेचदा बँकेची सूट आणि जुन्या वस्तूचा एक्स्चेंज आधीच वजा केलेला असतो. "10 टक्के तात्काळ सूट" याच्याखाली बारीक अक्षरांत "जास्तीत जास्त 1,500" लिहिलेलं असतं. 40,000 च्या टीव्हीवर ती सूट 4,000 होत नाही, 1,500 वरच थांबते, म्हणजे चार टक्केसुद्धा नाही. आणि ते कार्ड आपल्याकडे नसेल तर शून्य. "फक्त 2 शिल्लक", "7 मिनिटांत ऑफर संपेल" यांना घाबरून तर कुणी खरेदी करूच नये. अशी खोटी घाई लावणं हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला जाहीर केलेल्या 13 फसव्या क्लृप्त्यांपैकी एक प्रकार आहे. न विचारता टोपलीत जादा वस्तू टाकणं आणि शेवटच्या पानावर नवं शुल्क लावणं हेही त्याच यादीत आहेत.

आता ईएमआय. या दाव्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं असं मला वाटतं, कारण इथे पैसे थोडेथोडे जातात आणि म्हणून दिसत नाहीत. "व्याज शून्य" असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनेच 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना सुनावलं होतं. मग नो-कॉस्ट ईएमआय चालतो कसा? समजा 24,000 चा फोन आहे आणि सहा हप्ते 4,000 चे. बँक वर्षाला 15 टक्के व्याज लावतेच. त्या दराने सहा महिन्यांचं व्याज साधारण 1,016 रुपये होतं. तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी किमतीतून आधी वजा करते, म्हणजे बँकेचं कर्ज 22,984 चं, आणि व्याज धरून बेरीज परत 24,000. इथपर्यंत संदेश खरा वाटतो. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो साधारण 183 रुपये, आणि तो ग्राहकाच्या खात्यावर पडतो. बँक प्रोसेसिंग फी घेते. ती 199 धरली तर कर धरून 235. झाले 418 रुपये, फुकटच्या हप्त्याचे.

यापुढचं नुकसान तर पावतीवर येतही नाही. एकरकमी पैसे भरणाऱ्याला जी सूट मिळते, ती नो-कॉस्ट ईएमआय निवडल्यावर कित्येकदा नाहीशी होते. दोन्ही पर्याय एकामागोमाग निवडून शेवटचं पान बघितलं की फरक लगेच कळतो. वस्तू परत केली तर प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा परत येत नाही. आणि एक हप्ता चुकला तर दंड आणि कार्डाचं भारी व्याज सुरू होतं. नवी पेठेतल्या शोरूममध्ये फायनान्सवाल्याचं टेबल असतं, तिथेही हेच प्रश्न विचारायचे: फाइल चार्ज किती, आणि रोख दिले तर भाव किती? ज्याला हप्त्याशिवाय वस्तू घेणं शक्यच नाही, त्याने जरूर हप्ता घ्यावा. चार-पाचशे रुपये ही सोयीची किंमत आहे, एवढं ठाऊक असावं.

इन्कॉग्निटोच्या दाव्यावर फार वेळ घालवायला नको. ती ब्राउझरची खाजगी खिडकी. तिथे ब्राउझर आधीची आठवण वापरत नाही, पण पैसे भरायला लॉगिन केलं की साइटला तुम्ही कळताच. मोठ्या साइटवर भाव हलतात ते विक्रेता बदलल्याने, साठा कमी-जास्त झाल्याने, पिन कोडप्रमाणे. इन्कॉग्निटोमध्ये कमी भाव दिसला तर तो बहुधा पुण्या-मुंबईच्या पिन कोडचा असतो. 413 ने सुरू होणारा आपला पिन टाकला की खरा भाव आणि खरी तारीख दिसते. टोपलीत वस्तू टाकून दोन दिवस सोडायची युक्ती एखाद्या ब्रँडच्या स्वतःच्या छोट्या साइटवर कधीमधी चालते, ते कूपन पाठवतात. तेवढं खरं.

चार स्टार बघून डोळे झाकून घ्यायचं? डोळे उघडेच ठेवा. खोटी परीक्षणं (रिव्ह्यू) हा एवढा मोठा प्रश्न झाला की भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस 19000 हे मानक आणलं. ते ऐच्छिक आहे, म्हणजे राखणदारी अजून आपल्यालाच करायची आहे. पाच आणि एक स्टारवाली परीक्षणं सोडून द्यावीत, दोन आणि तीन स्टारवाली वाचावीत. तिथे माणसं शांतपणे लिहितात: "भांड्याचं झाकण तीन महिन्यांत सैल झालं", "रंग फोटोतला नाही". तारखा बघाव्यात. मजकूर त्याच वस्तूचा आहे ना तेही बघावं, कारण वेगवेगळ्या मॉडेलची परीक्षणं एकाच पानावर गोळा केलेली असतात. आणि शोधल्यावर पहिल्या ओळीत येणाऱ्या वस्तूवर बारीक अक्षरांत "प्रायोजित" लिहिलं असेल, तर ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे.

परत करण्याचा दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष, बनावट किंवा वर्णनापेक्षा वेगळी निघाली तर विक्रेत्याला ती परत घेणं नाकारता येत नाही. पण "आवडलं नाही" म्हणून परत करायचा हक्क कायद्याने दिलेला नाही, ती त्या त्या विक्रेत्याची मेहेरबानी आहे. बऱ्याच वस्तूंवर आता फक्त बदलून मिळेल असं लिहिलेलं असतं, काहींवर आधी कंपनीचा माणूस येऊन तपासेल असं. म्हणून घेण्याआधी परतीची ओळ वाचावी, पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा. कायद्याने तो लागत नाही, पण वादात कामी येतो.

तक्रार असेल तर आधी साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावं. त्याने 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. नाहीच झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यामुळे विक्रेता कुठलाही असला तरी तक्रार आपण राहतो तिथे, म्हणजे सोलापुरातच करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. मात्र कस्टमर केअरचा नंबर कधीही गुगलवर शोधू नका, अ‍ॅपमधूनच घ्या. परताव्यासाठी ओटीपी मागणारा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कळवा.

राहिली चादर. या ओळीने मला खरोखर राग येतो. आमच्या पूर्व भागातल्या आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मागांवर विणलेली जाड, सुती, जकार्डची (मागावरच नक्षी विणलेली) चादर कारखान्यालगतच्या दुकानात मिळते. तीच चादर ऑनलाइन विकायची तर साइटचं कमिशन येतं, आणि वजनदार पार्सलचं कुरिअरही. हे सगळं चढवून ती सोलापुरातल्या दुकानापेक्षा बरीच स्वस्त कशी पडेल? पडत असेल तर तीनांतलं एक कारण धरून चाला: आकार किंवा वजन कमी आहे, सुतात पॉलिस्टर आहे, किंवा ती सोलापूरची नाहीच. सोलापुरी चादरीला आणि इथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. सोलापूरबाहेर विणलेला माल या नावाने विकणं बेकायदा आहे, तरी विकला जातो. दुकानात किनारीचा एक धागा मागून काडी लावता येते: सूत कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळून टणक गाठ होते. मोबाइलच्या पडद्यावर हे करता येत नाही.

तरी पुण्याला राहणाऱ्या लेकीला पाठवायची म्हणून कुणी ऑनलाइन घेणारच असेल, तर एक जागा बघावी. 1 जानेवारी 2018 पासून पॅकबंद वस्तूची एमआरपी, उत्पादकाचं नाव आणि पत्ता साइटवर दाखवणं बंधनकारक आहे. चादरीच्या पानावर अगदी खाली, "उत्पादनाची माहिती" मध्ये, तो पत्ता असतो. वर मोठ्या अक्षरांत "अस्सल सोलापुरी" आणि खाली पत्ता दुसऱ्याच राज्यातला असेल, तर ती घेऊ नका. स्क्रीनशॉट काढून 1915 वर तक्रार करा. पत्ताच दिलेला नसेल तर वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाकडेही करा. हा स्क्रीनशॉट मात्र ग्रुपवर जरूर टाका.