परिषदा बाणावलीत होतात, सहकार्य वेर्ण्यात घडते

ऑक्टोबर २०१६ मध्ये बाणावलीला ब्रिक्स राष्ट्रांची शिखर परिषद झाली. एप्रिल २०२३ मध्ये जी-२० च्या आरोग्य कार्यगटाची बैठक गोव्यात भरली. दोन्ही वेळा रस्ते गुळगुळीत झाले, भिंती रंगल्या, आणि विकसनशील राष्ट्रांच्या एकजुटीविषयी बरेच काही बोलले गेले. अशा परिषदांना मी निरर्थक म्हणणार नाही, कारण सरकारांना एकमेकांशी बोलावेच लागते. मात्र औषधनिर्मितीच्या क्षेत्रात गुणवत्ता तपासणीचे काम करण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला एक गोष्ट वारंवार जाणवते. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका यांच्यातील आरोग्य सहकार्याचा जो भाग खरोखर रोग्यापर्यंत पोहोचतो, तो वेर्णा, कुंडई आणि पिळर्णच्या औद्योगिक वसाहतींसारख्या ठिकाणी तयार होतो आणि खोक्यांत भरून बंदराकडे जातो. तो चांगला आहे की वाईट, हे घेणाऱ्या देशाला तपासता येते का, या प्रश्नाकडे मात्र आपण फारसे लक्ष देत नाही.

या सहकार्याचे सर्वांत मोठे यश एचआयव्हीच्या औषधांचे आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती सिद्ध झाली होती. श्रीमंत देशांतले रोगी जगू लागले होते, पण एका रोग्याचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता आणि आफ्रिकेत माणसे मरत होती. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी हाच उपचार ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. हे शक्य झाले ते आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्याने औषध बनवण्याच्या कृतीला पेटंट दिले होते, औषधाला नव्हे, त्यामुळे वेगळ्या कृतीने तेच औषध बनवण्यास आपल्या कारखान्यांना मुभा होती. त्याहून सूक्ष्म असा आणखी एक फायदा झाला. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन या तीन औषधांचे हक्क पाश्चात्त्य देशांत तीन निरनिराळ्या कंपन्यांकडे होते, म्हणून तिन्ही एका गोळीत घालणे तिकडे कोणालाच जमत नव्हते. भारतात ते जमले. सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी, एवढे सोपे झाल्यावर डॉक्टर नसलेल्या खेड्यातली परिचारिकाही उपचार समजावून देऊ शकली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध, स्वस्त औषधांना वाट देणाऱ्या कायद्यावरून, चालवलेला खटला मागे घेतला. नोव्हेंबरात दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेला मान्य करावे लागले की, सार्वजनिक आरोग्यासाठी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची परवानगी, देण्याचा अधिकार सरकारांना आहे. ब्राझीलने २००७ मध्ये एफाविरेन्झ या एचआयव्हीच्या औषधासाठी तसा परवाना काढला आणि आरंभी ते औषध भारतातून मागवले. विकसनशील देशांनी देणगीच्या पैशातून घेतलेल्या एचआयव्ही औषधांपैकी २००६ पासून ८० टक्क्यांहून अधिक औषधे भारतीय होती. यात आपल्या कंपन्यांनी नफाही कमावला, हे लपवण्याचे काही कारण नाही. ज्या मदतीतून कोणाचाच हिशेब सुटत नाही, ती मदत दुसऱ्या वर्षी आटते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कारखान्यातली एक गोष्ट सांगतो, जी परिषदेच्या जाहीरनाम्यात येत नाही. औषध किती काळ टिकेल हे ठरवण्यासाठी त्याचे नमुने बंद कपाटासारख्या खोल्यांत महिनोन्महिने ठेवतात. युरोपसाठी ती खोली २५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेवर चालते. उष्ण आणि अतिदमट प्रदेशांसाठी ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता ठरलेली आहे. त्या दुसऱ्या खोलीचे दार उघडले की ऐन आषाढातल्या मडगावच्या बाजारात उभे राहिल्यासारखे वाटते. दर ठरावीक मुदतीने नमुना काढायचा, गोळीचा रंग पाहायचा, ती पाण्यात किती वेळात विरघळते ते मोजायचे, मूळ द्रव्य किती उरले ते तपासायचे. युरोपच्या हवेत दोन वर्षे टिकणारी गोळी मोझांबिकच्या किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या दवाखान्यात तेवढी टिकेलच असे नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळे, बहुधा महागडे वेष्टन लागते. हा खर्च करायचा की टाळायचा, हा निर्णय एखाद्या व्यवस्थापकाच्या टेबलावर होतो. घेणाऱ्या देशाकडे तपासनीस नसतील, तर टाळण्याचा मोह किती होत असेल हे मी सांगायला नको.

गांबियात हेच घडले. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातील एका कंपनीच्या चार औषधांबद्दल इशारा दिला. खोकल्यासारख्या साध्या दुखण्यावरच्या त्या पातळ औषधांच्या नमुन्यांत डायएथिलिन ग्लायकॉल आणि एथिलिन ग्लायकॉल ही विषारी द्रव्ये आढळली होती, आणि गांबियात सुमारे सत्तर लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस उझबेकिस्तानातूनही तसेच वृत्त आले. ही द्रव्ये औषधात कशी येतात, हे या धंद्यात कोणाला नवीन नाही. पातळ औषधात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉल लागते, आणि औषधी दर्जाच्या पिंपाऐवजी स्वस्त, औद्योगिक दर्जाचे पिंप आत आले की घात होतो. प्रत्येक पिंपाची गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर, चाचणी केली तर तो वेळीच पकडता येतो. चाचणीचा खर्च औषधाच्या किमतीपुढे नगण्य आहे. गांबियाकडे त्या वेळी औषधे तपासणारी स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. निर्यातीपूर्वी खोकल्याच्या औषधाची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची करणारा आपला नियम १ जून २०२३ पासून लागू झाला. तो योग्यच आहे, पण तो त्या मुलांनंतर आला.

गोमंतकीयांनी या प्रश्नाकडे इतरांपेक्षा अधिक आस्थेने पाहावे, याला इतिहासाचे कारण आहे. १८४२ मध्ये पणजीत ‘एस्कोला मेडिका’ स्थापन झाली, जिचे वारस म्हणून आज आपण बांबोळीच्या गोमेकॉकडे, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे, पाहतो. तिथून शिकून बाहेर पडलेले गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगीज आरोग्य सेवेत मोझांबिक, अंगोला आणि तिमोरपर्यंत गेले. देवी, मलेरिया, कुष्ठरोग यांच्याशी त्यांनी झुंज दिली, हे खरे. पण ते साम्राज्याचे नोकर म्हणून गेले होते, आणि लिस्बनच्या पदवीधरांपेक्षा त्यांचा दर्जा खालचा मानला जात असे, हेही खरे. आफ्रिकी माणसाच्या दृष्टीने ते सत्ताधाऱ्यांचेच डॉक्टर होते. अनेक घरांत त्या आजोबा-पणजोबांच्या तसबिरी अभिमानाने लावलेल्या असतात आणि अभिमान रास्तही आहे. मात्र त्या नात्याला बरोबरीचे सहकार्य म्हणता येत नाही.

बरोबरी कशाला म्हणावी, याचा एक नमुना २०२१ च्या मे महिन्यात दिसला. कोरोनाच्या साथीत आपण प्राणवायूच्या सिलिंडरसाठी धावत होतो, तेव्हा केनियाने आघाडीवर काम करणाऱ्यांसाठी बारा टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले. समाजमाध्यमांवर त्याची टिंगल झाली. मला ती टिंगल लाजिरवाणी वाटली. त्याच वर्षी जानेवारीत ‘व्हॅक्सिन मैत्री’ सुरू करून आपण देशोदेशी लसी पाठवल्या होत्या, आणि दुसरी लाट येताच निर्यात थांबवली होती. घरात आग लागल्यावर सरकारने दुसरे काय करायचे, हा युक्तिवाद मला समजतो. पण पुण्याच्या सीरम या एकाच संस्थेवर मोठी भिस्त ठेवून बसलेल्या आफ्रिकी देशांना पहिला डोस देऊन दुसऱ्यासाठी ताटकळावे लागले, आणि आपणही स्वतःवर वेळ आली की दार लावतो, हे त्यांच्या लक्षात राहिले. केपटाऊनला जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने एमआरएनए लसींचे तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले, त्यामागे हा अनुभव होता. याच पुण्याच्या संस्थेने बनवलेली मेनिंजायटिसची लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत दिली गेली होती, याचीही नोंद इथे करायला हवी, म्हणजे चित्र एकांगी होणार नाही.

क्युबाचा दाखला या चर्चेत कोणीतरी देतोच, आणि तो द्यावाही. १९६३ मध्ये अल्जीरियाला पथक पाठवणाऱ्या त्या लहानशा देशाने २०१४ मध्ये इबोलाच्या साथीत सिएरा लिओनला डॉक्टर आणि परिचारक पाठवले. त्यांतल्या एका डॉक्टरला इबोला झाला, जिनिव्हात तो बरा झाला आणि पुन्हा कामावर रुजू झाला. तथापि या डॉक्टरांच्या मानधनाचा मोठा हिस्सा क्युबाचे सरकार स्वतःकडे ठेवते आणि त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने असतात, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. शिवाय पाहुणे डॉक्टर राजकारण बदलले की परत जातात. २०१८ च्या अखेरीस ब्राझीलमधून हजारो क्युबन डॉक्टर निघून गेले, तेव्हा आडवळणाच्या गावांत दवाखाने रिकामे पडले.

दरम्यान ज्या कायद्याच्या आधारे हे सारे सुरू झाले, तो २००५ मध्ये आपल्याला बदलावा लागला आणि औषधांवर उत्पादन-पेटंट आले. जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळू न देणारे कलम ३(ड) त्याच वेळी कडक केले गेले, म्हणून १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला. युरोपीय देशांशी व्यापार कराराच्या वाटाघाटींत मात्र मूळ कंपनीच्या चाचण्यांची माहिती काही वर्षे कोणालाही आधाराला घेता येऊ नये, अशी मागणी पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. तसे झाले तर पेटंट नसलेले औषधही स्वस्तात काढायला अडथळा येईल, आणि त्याची झळ म्हापशापेक्षा मोझांबिकच्या राजधानीला, मापुतोला, आधी बसेल.

माझी सूचना लहान आणि गोव्यापुरती आहे. ब्राझीलच्या मदतीने मापुतोजवळ मातोला येथे औषध कारखाना उभा राहिला. त्याची घोषणा २००३ ची आणि उद्घाटन २०१२ चे. कारखाना उभारणे इतके रेंगाळते, पण तपासनीस घडवायला एवढा वेळ लागत नाही. मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्द, साओ तोमे या देशांचे औषध निरीक्षक वर्षातून काही महिने गोव्यात आणावेत. पणजीचे फार्मसी महाविद्यालय, राज्याची औषध प्रशासन प्रयोगशाळा आणि इथल्या वसाहतींतले कारखाने यांत त्यांना प्रत्यक्ष शिकवावे: पिंपाचा नमुना कसा काढायचा, बॅचच्या नोंदींतली खाडाखोड कशी ओळखायची, निर्मात्याला अडचणीचे प्रश्न कसे विचारायचे. या देशांची कामकाजाची भाषा पोर्तुगीज आहे आणि ती जाणणारी माणसे अजून गोव्यात आहेत, ही सोय देशात दुसरीकडे सहसा मिळणार नाही. आपल्याच मालात खोट काढणारे लोक आपणच का तयार करायचे, असे एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारले. मी त्याला म्हटले, गांबियाच्या बंदरावर असा एक जरी माणूस असता, तर ते खोके तिथूनच परत आले असते.