लाखामागे २२२ पोलीस : हा नियम केला कुणी?

माझ्या आत्याने संध्याकाळच्या भजनाला जाणं बंद केलंय. गोरेगावातच, दोन गल्ल्या सोडून असलेल्या देवळात भजन असतं, आणि तिथून साडेनऊला घरी चालत येणं हा तिचा अनेक वर्षांचा शिरस्ता. कारण विचारलं तर म्हणाली, ‘अरे, मुंबईत आता पोलीसच उरले नाहीत. तुला नाही आला तो मेसेज?’ आला होता. तुम्हालाही आला असेल.

थोडक्यात मजकूर असा : संयुक्त राष्ट्रसंघाच्या नियमानुसार लाख लोकांमागे २२२ पोलीस हवेत, मुंबईत त्याच्या निम्मेही नाहीत. जे आहेत त्यातले निम्मे मंत्र्यांच्या दारात. म्हणून गुन्हे दुप्पट झाले. रात्री १०० नंबर लावलात तरी कुणी येणार नाही. नव्या कायद्याने प्रत्येक नागरिकाला अटकेचा अधिकार दिला आहे, तेव्हा सोसायटीत गस्त सुरू करा आणि अनोळखी इसम दिसला की आधी बांधा, मग विचारा. शेवटी एक मोबाइल नंबर : रात्री एकट्या बाईला पोलिसांची गाडी फुकट घरी सोडेल. म्हणजे फोन केला तर पोलीस येत नाहीत, पण घरी सोडायला मात्र येतात. आत्याच्या सोसायटीत हे वाचून खरोखर गस्तीची यादी तयार झाली आहे, म्हणून हा खटाटोप.

आधी तो २२२. राष्ट्रसंघाने असा नियम केलेला नाही. केनियात हाच आकडा ‘४५० माणसांमागे एक पोलीस’ या रूपात फिरतो, तोही राष्ट्रसंघाच्याच नावावर; लाखाला ४५० ने भागा, २२२ येतात. राष्ट्रसंघाचं अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालय देशोदेशींचे आकडे गोळा करतं, इतकंच. २००६ च्या आकड्यांवरून त्यांनी काढलेला मध्य (म्हणजे निम्मे देश त्याच्या वर, निम्मे खाली) लाखामागे सुमारे ३०० पोलीस असा होता. ती जगातल्या परिस्थितीची नोंद होती. ‘इतके ठेवा’ असं त्यात कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

पण धरून चालू की २२२ हीच रेघ आहे. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने मुंबईसाठी राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जवान ११ महिन्यांच्या कंत्राटावर घ्यायचं ठरवलं, कारण शिपाई ते सहायक उपनिरीक्षक या दर्जाच्या चाळीस हजारांहून अधिक मंजूर पदांपैकी सुमारे १०,००० रिकामी होती. उरले तीस हजार. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. करा भागाकार : लाखामागे २४१. लोकसंख्या आणखी दहा लाखांनी वाढवून धरा, तरी २२३. आणि यात उपनिरीक्षकापासून वरचा एकही अधिकारी मोजलेला नाही. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच्याच फूटपट्टीने मोजायचे कष्ट घेतले असते तर मेसेजची पहिली ओळच पडली असती.

आता जे खरं आहे ते नाइलाजाने मान्य करतो. दहा हजार पदं रिकामी असणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. देशभरातही तेच, १ जानेवारी २०२० रोजी २६ लाख २३ हजार मंजूर पदांपैकी ५ लाख ३१ हजार भरलेली नव्हती. शिवाय हजेरीपटावरचे तीस हजार म्हणजे रस्त्यावरचे तीस हजार नव्हेत. त्यातून वाहतूक शाखा गेली, सशस्त्र पोलीस गेले, नियंत्रण कक्ष, विशेष शाखा, आरोपींना कोर्टात नेणारे, समन्स बजावणारे, रजेवरचे, आजारी. एका जागेवर चोवीस तास माणूस उभा ठेवायचा तर आठवड्याचे १६८ तास होतात. माणशी ४८ तास धरले तर साडेतीन माणसं लागतात, रजा आणि आजारपण धरलं तर चारच्या वर. चार नाहीत म्हणून दोघांकडून ते काम करून घेतलं जातं. मग ‘निम्मे मंत्र्यांच्या दारात’ या ओळीला टाळ्या मिळतात. निम्मे हा आकडा हवेतला आहे, पण बंदोबस्त खरा आहे. गणपतीचे दहा दिवस, ६ डिसेंबर, ३१ डिसेंबर, मोर्चे, निवडणुका, वानखेडेवरची मॅच, आणि हो, मंत्र्यांचे दौरेही. प्रत्येक वेळी माणसं पोलीस ठाण्यातूनच काढली जातात.

पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी हैदराबादच्या प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालयाने २०१४ मध्ये देशभरातल्या ठाण्यांचा अभ्यास केला होता. ठाण्यातले जवळपास ९० टक्के कर्मचारी आठ तासांपेक्षा जास्त काम करतात, आणि ७३ टक्क्यांहून अधिक ठाणेप्रमुखांनी सांगितलं की आमच्या माणसांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी घेता येत नाही. महिन्यातून एकदाही! मुंबईत २०१६ साली दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना त्याच ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याची होती. बारा-चौदा तास उभं राहिलेल्या माणसाकडून रात्री दोन वाजता तत्परतेची अपेक्षा ठेवणारे आपण, त्या प्रयोगाचं पुढे काय झालं हे विचारायला कधी ठाण्यात गेलो नाही.

पोलीस वाढले की गुन्हे कमी आणि घटले की दुप्पट, हे समीकरणही इतकं सरळ नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये वर्षभर काही भागांत गस्तीच्या गाड्या बंद केल्या, काही भागांत दुप्पट-तिप्पट केल्या, काही तशाच ठेवल्या. गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. रहिवाशांना तर गस्त कमी-जास्त झाल्याचं कळलंही नव्हतं.

मग पोलिसांचा उपयोगच नाही का? आहे, आणि त्याचा माझ्या माहितीतला सगळ्यात पक्का पुरावा अर्जेंटिनातला आहे. जुलै १९९४ मध्ये ब्वेनोस आयरेसमधल्या ज्यू केंद्रावर बॉम्बहल्ला झाला, ८५ माणसं गेली. त्यानंतर सरकारने शहरातल्या प्रत्येक ज्यू आणि मुस्लिम संस्थेबाहेर पोलीस बसवले. तिथे चोऱ्या होतात की नाही याचा विचार करून त्या जागा निवडल्या नव्हत्या, म्हणूनच अभ्यासकांना आयती संधी मिळाली. दि तेया आणि शार्ग्रोद्स्की या दोघांनी गाड्यांच्या चोऱ्यांचे आकडे काढले. जिथे पोलीस उभा होता त्या गल्लीत चोऱ्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. एक गल्ली सोडून पुढे पाहिलं, तर काहीच परिणाम नाही. आत्याच्या भाषेत सांगायचं तर देवळासमोर रात्री साडेनऊला एक बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचा पोलीस, उभा असणं तिच्या कामाचं. मुंबईभर लाखामागे किती, हा आकडा तिच्या काहीच कामाचा नाही. भजनाच्या वेळी आपल्या हद्दीत किती माणसं बाहेर असतात, हे वरिष्ठ निरीक्षकाला विचारण्याजोगं आहे, आणि ते विचारायला राष्ट्रसंघ लागत नाही.

पोलीस नसले तरी चालेल असं कुणी यातून काढू नये. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईतल्या पोलिसांनीच काम टाकून बंड केलं, तेव्हा शहरात काय झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल. जाळपोळ झाली, सैन्य बोलवावं लागलं.

गुन्हे दुप्पट झाल्याचा मुद्दा दोन ओळींत संपवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो आपल्या अहवालातच बजावतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्लीचं पोलीसदल ८०,००० च्या वर आहे आणि नोंदलेल्या गुन्ह्यांतही दिल्ली वर असते. तिथे गाडी चोरीला गेली की घरबसल्या गुन्हा नोंदवता येतो, हे त्याचं एक साधं कारण.

आता गस्त. या एका ओळीमुळेच मी लिहायला बसलो, बाकीचं नुसतं अडाणीपणाचं आहे. ‘आधी बांधा, मग विचारा.’

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आठवडी बाजारात आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या भागात आधीच फिरत होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारून टाकलं. पाचही जण. १६ एप्रिल २०२०, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले : दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले. पुन्हा चोर-टोळीची अफवा, त्यात गावकऱ्यांची रात्रीची गस्त. तिथे तर पोलीस हजर होते, आणि तरीही जमाव आवरला नाही. या दोन्ही ठिकाणी ‘अनोळखी इसम’ हाच पुरावा होता.

गोरेगावच्या सोसायटीत रात्री अकरानंतर अनोळखी कोण येतो? जेवण पोचवणारी पोरं, रिक्षावाले, कुणाच्या तरी आईला सांभाळणारी रात्रपाळीची मावशी, पहाटे दूधवाला. यांच्यासमोर लाठी घेऊन निवृत्त बँक मॅनेजर उभे राहणार आणि ‘कुठून आलास’ म्हणून विचारणार. पोराने उर्मट उत्तर दिलं तर?

आणि नव्या कायद्याने दिलेला तो अधिकार! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४० वं कलम वाचा. सामान्य माणसाला अटक करता येते ती गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र असेल आणि तो त्याच्यासमोर घडला असेल तर, किंवा समोरचा कोर्टाने जाहीर केलेला फरारी असेल तर. संशय पुरत नाही. पकडलेल्या माणसाला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नवीन म्हणण्यासारखी ती सहा तासांची मुदतच. अधिकार जुन्या कायद्यातही होता. बांधून मारायची मुभा तेव्हाही नव्हती. उलट जात, भाषा, जन्मस्थान असल्या कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तर प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी, हे भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, १०३ व्या कलमात नव्याने आलं आहे. गस्तीच्या यादीत नाव घालण्याआधी सेक्रेटरींनी ते सगळ्यांना वाचून दाखवावं.

लोकांनी पोलिसांना मदतच करू नये असं नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारखी माणसं त्यामागे होती. तिथे लोक ठाण्यातल्या पोलिसांशी आणि एकमेकांशी बोलायला जमत. लाठ्या नव्हत्या.

कंत्राटी जवान आता अटक करणार अशीही एक पुरवणी मेसेजला कुणीतरी जोडली आहे. त्यांना पहाऱ्याची कामं द्यायची होती, कायदा-सुव्यवस्थेची नाहीत, हे सरकारने तेव्हाच सांगितलं होतं. पुढे.

राहिला तो मोबाइल नंबर. हा खोटा नाही, म्हणूनच जास्त घातक. डिसेंबर २०१९ मध्ये लुधियाना पोलिसांनी रात्री एकट्या महिलांना घरी सोडण्याची सोय केली होती, त्यांच्या शहरापुरती. तेव्हापासून तो नंबर देशभर फिरतोय, कुठे दिल्लीचा म्हणून, कुठे पुण्याचा म्हणून, आता मुंबईचा. आत्याला सांगितलंय, मोबाइलमध्ये ११२ (तातडीच्या मदतीचा) आणि १०३ (मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा) ठेव, आणि हा खोडून टाक. अडचणीत सापडलेली बाई गोरेगाव स्टेशनबाहेरून पंजाबात फोन लावून गाडीची वाट बघत बसली, तर तेवढा वेळ ती ११२ ला फोन करणार नाही.