पैसे घेताना ‘क्लिअर’, रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’

डोक्यात तिडीक गेली आहे म्हणून लिहितोय. धाकट्या भावाचं होम लोन नामंजूर झालं. पगार, घराची कागदपत्रं, डाउन पेमेंट, सगळं जागच्या जागी होतं. बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. त्यावर भावाचा क्रेडिट रिपोर्ट होता, म्हणजे आजवरची कर्जं कशी फेडली त्याची नोंद, ज्याला लोक ‘सिबिल’ म्हणतात. त्यातल्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. जुन्या पर्सनल लोनपुढे लिहिलं होतं ‘सेटल्ड’. तिथेच घोडं पेंड खाल्लं.

भावाचा लग्नपत्रिका छापायचा धंदा होता. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लग्नंच थांबली, तर पत्रिका छापणार कोण? ३१ ऑगस्ट २०२० ला मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, संपली, धंदा काही उभा राहिला नाही, पुढे हप्ते थकले. ९० दिवस उलटले, खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, झालं आणि वसुली एजन्सीच्या हाती गेलं. मग जो जाच सुरू झाला तो ज्याच्या घरात झालाय त्यालाच कळेल. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावलं. त्यानंतरही आमच्याकडे रात्री पानावर बसलं की फोन यायचा. आई हातातला घास खाली ठेवायची. शेजारच्या काकांना फोन करून ‘त्यांना पैसे भरायला सांगा’ म्हणाले. काकांचा काय संबंध?

आणि एक दिवस त्याच एजन्सीतून एकदम गोड आवाज. ‘सर, वन टाइम सेटलमेंट करून टाका. निम्मे भरा, बाकीचं माफ. खातं क्लिअर, सिबिल पण क्लिअर.’ भावजयीने बांगड्या मोडल्या, वडिलांनी एफडी मोडली, पैसे भरले. पत्र आलं, फोन थांबले. पण पूर्ण पैसे न घेता मिटवलेलं खातं रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’, म्हणजे पूर्ण फेडलेलं, दिसत नाही आणि पुढचा प्रत्येक कर्ज देणारा ते वाचून हात आखडता घेतो, हे त्या पत्रात एका शब्दाने लिहिलेलं नव्हतं! हा अज्ञानाचा प्रश्न नाही. फोनवरच्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. तो खोटं बोलला, कारण खरं सांगितलं असतं तर आम्ही आणखी चार महिने थांबून पूर्ण रक्कम उभी केली असती.

तो रिपोर्ट एकदा नीट बघा. प्रत्येक महिन्याचा एक चौकोन, अशी ३६ महिन्यांची रांग. वेळेवर भरलं तर ०००. मग ०३०, ०६०, ०९०, म्हणजे हप्ता किती दिवस थकला ते. खाली राइट-ऑफ केलेली रक्कम, सेटलमेंटची रक्कम. आणि बँकेने राइट-ऑफ केलं म्हणजे कर्ज सुटलं असं समजू नका. ती बँकेच्या वहीतली तजवीज असते. तुमच्याकडून वसुली चालूच राहते, कधी कधी तर बँक ते कर्ज एखाद्या एआरसीला, म्हणजे थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकून मोकळी होते.

आमच्या रिपोर्टमध्ये तर सेटलमेंट होऊनही थकबाकीचा आकडा तसाच! भाऊ शाखेत गेला. म्हणाला, उरलेले पैसेही घ्या, पण खातं ‘क्लोज्ड’ करा. शाखा म्हणते, ते खातं आता आमच्याकडे दिसत नाही, एजन्सीला विचारा. एजन्सी म्हणते, आमचं कंत्राट संपलं. अरे, मग पैसे भरायचे कुणाकडे? हे रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट कंपनीला बँकेच्या होकाराशिवाय नोंद बदलताच येत नाही, म्हणजे फिरून सगळं त्याच बँकेच्या दारात. हप्ता चुकला तर ती नोंद बिनबोभाट वर जाते, १ जानेवारी २०२५ पासून तर दर पंधरवड्याला. पैसे भरल्याची नोंद मात्र माणसाने चपला झिजवून करून घ्यायची. हा कुठला न्याय?

चुकीची नोंद तक्रारीनंतर ३० दिवसांत निकाली काढायची, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यातले २१ दिवस बँकेला क्रेडिट कंपनीकडे उत्तर द्यायला. शाखेत हे किती जणांना माहीत आहे? आमच्यापुढे बसलेल्या साहेबांना नव्हतं. मी मोबाइलवर परिपत्रक उघडून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांनी तक्रार लेखी घेतली आणि पोच दिली. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार, सोडणार नाही.

तुमच्या घरी आज असा गोड आवाजाचा फोन येत असेल तर फोनवर हो म्हणू नका. बँकेच्या अधिकृत ईमेलवर विचारा: एवढे पैसे भरल्यावर रिपोर्टमध्ये काय लिहिणार, ‘सेटल्ड’ की ‘क्लोज्ड’? उत्तर लेखी येईपर्यंत एक रुपया देऊ नका. दिल्यावर नो ड्यूज, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र, घ्या आणि महिन्याभराने चारही क्रेडिट कंपन्यांचे रिपोर्ट काढा: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो तुमचा हक्क आहे.