ऑपॉसम आणि पाच हजार गोचीड

ऑपॉसम म्हणजे पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारा, मांजराएवढा अमेरिकी प्राणी. ‘एक ऑपॉसम हंगामात ५००० गोचीड फस्त करतो’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. त्याचं मूळ २००९च्या एका अमेरिकी प्रयोगात आहे. पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या अंगावर प्रत्येकी शंभर बारीक गोचीड सोडले. जे खाली गळलेले सापडले नाहीत, ते पोटात गेले असं धरलं! २०२१मध्ये इलिनॉयमधल्या ३२ ऑपॉसमांची पोटं तपासली, तर एकही गोचीड निघाला नाही.

ब्राझील-कोलंबियाच्या खेड्यांतले त्याचे भाऊबंद मिळेल ते खातात: पिकून पडलेले पेरू, किडे, बेडूक, खुराड्यातली अंडीसुद्धा. घोणशीच्या कुळातले सापही. ते विष त्यांना फारसं बाधत नाही. भारतात मात्र ऑपॉसम नाहीच, त्यामुळे गोठ्यातले गोचीड आपल्यालाच काढायचेत.