पोलीस, अनामत रक्कम आणि आरडाओरडा: कॅज्युअल्टीविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाविषयी, म्हणजे आपण जिला सर्रास कॅज्युअल्टी म्हणतो तिच्याविषयी, एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर निरनिराळ्या रूपांत सतत फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: अपघातातील जखमीला पोलीस येईपर्यंत डॉक्टर हात लावत नाहीत, त्याला नेणारा माणूस कोर्टकचेरीत अडकतो, अनामत रक्कम भरल्याशिवाय उपचार सुरू होत नाहीत, आणि आरडाओरडा केल्याखेरीज किंवा नगरसेवकाचा फोन आल्याखेरीज कोणी लक्ष देत नाही. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु हे खरे मानणारा माणूस जखमीजवळून न थांबता निघून जाऊ शकतो, आणि छातीत दुखत असलेल्या माणसाच्या घरचे आधी पैशांची जुळवाजुळव करत बसू शकतात. त्यामुळे प्रत्येक दावा तपासून पाहणे आवश्यक आहे.

पोलिसांविषयीचा समज निराधार जन्मलेला नाही. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने, पोलीस प्रकरणे हाताळण्याचा अधिकार आपल्याकडे नाही असे सांगून, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवले आणि तो वाटेतच दगावला, अशी बातमी वाचून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. 1989 मध्ये न्यायालयाने निःसंदिग्ध निर्णय दिला की सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवण्याचे काम करायचे आहे आणि कायद्याची कोणतीही प्रक्रिया त्याच्या आड येऊ शकत नाही. अपघात, मारहाण, भाजणे, विषबाधा अशा प्रकरणांची ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवावे लागणारे वैद्यकीय प्रकरण) म्हणून नोंद होते आणि पोलिसांना कळवलेही जाते, हे खरे आहे. मात्र हे काम उपचारांबरोबरीने चालायचे असते. ‘आधी एफआयआर आणा’ असे कोणी म्हणत असेल, तर तो नियम सांगत नसून नियम मोडत आहे.

जखमीला नेणाऱ्याच्या बाबतीत तर कायदा बराच पुढे गेला आहे. मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये बंधनकारक ठरवले, 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले आणि 2020 मध्ये त्याखालील नियम लागू झाले. त्यानुसार मदतकर्त्याला नाव, पत्ता वा ओळख सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि साक्षीदार व्हायचे की नाही, हे तो स्वतः ठरवतो. ज्याच्या वाहनाची धडक बसली त्याला अर्थातच हे संरक्षण नाही.

पैशांबाबतचा दावा अर्धवट खरा आहे, आणि म्हणूनच तो जास्त फसवा आहे. खाजगी रुग्णालयांत अनामत रक्कम मागितली जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गर्भवतीकडे अनामत रक्कम मागितल्याच्या आरोपावरून उसळलेला संताप आपल्या स्मरणात आहे. परंतु जीव धोक्यात असलेल्या रुग्णाला स्थिर करण्यापुरते प्राथमिक उपचार पैशांसाठी अडवता येत नाहीत. पुढचे सगळे उपचार फुकट मिळतील, असा मात्र याचा अर्थ नाही. रुग्ण स्थिर झाल्यावर त्याला दुसरीकडे हलवण्याचा प्रश्न येतो, तेव्हा काय उपचार झाले याची लेखी नोंद मागून घ्यावी. रस्ते अपघातातील जखमींसाठी मे 2025 पासून केंद्र सरकारची योजना लागू आहे. तिच्यात नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकडविरहित मिळतात. ही माहिती त्या संदेशात असती, तर त्याचा लोकांना खरोखर उपयोग झाला असता.

सर्वांत घातक दावा शेवटचा आहे. कॅज्युअल्टीत क्रम ठरतो तो कोण आधी आले यावरून नव्हे, तर कोणाचा जीव अधिक धोक्यात आहे यावरून. या वर्गवारीला ट्रायाज म्हणतात. परिचारिका किंवा डॉक्टर नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, शुद्धीची अवस्था आणि बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहतात आणि त्यावरून रुग्णाला साधारणपणे लाल, पिवळ्या किंवा हिरव्या गटात टाकतात. मनगट मोडलेला तरुण वेदनेने ओरडत असताना, नुसता घाम फुटलेल्या आणि गप्प बसलेल्या मधुमेही आजोबांना आधी आत नेले, तर तो पक्षपात नाही. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पोहोचल्यापासून दहा मिनिटांत व्हावा, असे मानक आहे. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅनने पाहावेच लागते. ती तपासणी लुबाडण्यासाठी नसते. अशा वेळी डॉक्टरांभोवती दहा नातेवाइकांनी घातलेल्या गराड्यामुळे जे मिनिट वाया जाते, ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी रुग्णाचे असते, आणि कधी आपल्याच.

याचा अर्थ मुकाट्याने बसून राहावे, असा नाही. थांबलेले असताना धाप वाढली, बोलणे अडखळू लागले, गुंगी आली किंवा दुखणे एकाएकी वाढले, तर ते परिचारिकेला लगेच, नेमक्या शब्दांत सांगावे, म्हणजे वर्गवारी पुन्हा होते. एका नातेवाइकाने रुग्णाजवळ थांबून चालू गोळ्यांची पाकिटे, अ‍ॅलर्जी आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ सांगितली, तर ती खरी मदत होते. तेच प्रश्न तीन जणांनी विचारले तरी चिडू नये; अशा फेरचौकशीतच सुटलेला दुवा सापडतो. डॉक्टर सांगेपर्यंत रुग्णाला पाणी किंवा चहा पाजू नये, कारण शस्त्रक्रिया किंवा भूल लागण्याची शक्यता असते.

त्या संदेशाच्या काही रूपांत ‘बरे वाटले तरी बिल वाढवण्यासाठी देखरेखीखाली ठेवतात’ असेही असते. बिलाविषयी शंका असेल, तर दरपत्रक मागावे. शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 मधील सुधारित नियमांनुसार ते आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे महाराष्ट्रात सक्तीचे आहे. देखरेख मात्र टाळू नये. सापाच्या दंशानंतर विषाची लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात, म्हणून दंश किरकोळ वाटला तरी साधारण 24 तास ठेवून घेतात. डोक्याला मार लागलेला माणूस नीट बोलू लागल्यानंतरही पुन्हा खालावू शकतो. त्याला घरी सोडलेच, तर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटका यांपैकी काहीही दिसताच, मध्यरात्र असली तरी, त्याला पुन्हा घेऊन यावे.