म्हणाले की म्हणाल्या?

एका डिजिटल अंकाच्या कामात गेले सहा महिने आम्हा दोघांची रोज देवाणघेवाण चालू आहे. भेट नाही, फोन नाही, नुसतं टायपिंग. समोरच्या व्यक्तीचं नाव असं, की किरण, सुमन, मधू यांच्या पंगतीत बसावं. फोटोच्या जागी मांजर. आणि मांजर हा शब्दच मुळात नपुंसकलिंगी. बोका लावला असता तर निदान अंदाज तरी बांधता आला असता.

पहिल्या दिवशी विचारलं असतं तर ती चौकशी झाली असती. सहाव्या महिन्यात विचारलं तर तो अपमान. म्हणून विचारलं नाही.

'तुम्ही'वर बरंच अंतर कापता येतं, हे मान्य. 'तुम्ही आलात', 'तुम्ही पाठवता', इथपर्यंत रस्ता सरळ आहे. पण ख्यालीखुशाली विचारायची म्हटलं की 'कसे आहात' आणि 'कशा आहात' अशी दोन दारं समोर उभी राहतात. मग 'तब्येत काय म्हणते?' एकदा त्यांनी रात्री दोनपर्यंत जागून मुद्रितं तपासली. 'किती दमलेले दिसता' लिहावं की 'दमलेल्या'? पाच मिनिटं खोडाखोड करून शेवटी पाठवलं, 'दमायला झालं असेल.' कुणाला, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. कौतुकातही न बदलणारीच विशेषणं चालतात. शहाणे-शहाण्या बाद, चांगले-चांगल्या बाद. परिणामी सहा महिन्यांत मी त्यांना ११ वेळा 'हुशार' म्हटलंय.

फिनिश माणसाला ही काळजीच नाही. तो असो की ती, शब्द एकच, 'हॅन'. तुर्की लोक नुसत्या 'ओ'वर भागवतात. बंगालीत तर सर्वनाम गप्प आणि क्रियापदही गप्प. स्वीडिश लोकांकडे तो-ती होते, तर त्यांनी 'हेन' असा तिसरा शब्द रूढ केला आणि २०१५ साली स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशात नेऊन बसवलाही. चिनी भाषेत बोलताना सगळेच 'ता', पण लिहिताना तो आणि ती यांची चिन्हं वेगळी. म्हणजे टायपिंगवाल्यांची पंचाईत तिथेही आहेच. त्यावर तिथले लोक ऑनलाइन कधी कधी चिन्ह टाळतात आणि रोमन लिपीतली 'टी' आणि 'ए' ही दोन अक्षरं लिहून मोकळे होतात. हे वाचून मला त्या अनोळखी लोकांविषयी एकदम जिव्हाळा वाटला.

इंग्रजीत लोक नावाखाली 'शी/हर' लिहून ठेवतात. छान सोय आहे. पण मराठीत 'ती/तिला' लिहून भागेल? त्यापुढे 'आली, गेली, दमली, कशी, शहाणी' अशी अख्खी रूपावली जोडावी लागेल. आपल्याकडे खरा चुगलखोर सर्वनाम नव्हे, क्रियापद आहे. आणि हे संस्कृतातल्या गच्छतीकडून आलेलं नाही. राम असो, सीता असो, 'गच्छति' ते 'गच्छति'च. आपण मात्र भूतकाळ घडवला तो गतः, गता, गतम् या विशेषणांतून. त्यामुळे गेला, गेली, गेलं. जाणारा निघून गेला, लिंग मागे राहिलं.

तो आणि ती यांपैकी एकही नको असणारी माणसंही आहेत, आणि तो त्यांचा हक्क आहे. इंग्रजीत त्यांना 'दे' मिळालं. मराठीत 'ते' म्हणावं तर आदरार्थी पुरुष होतो, आदर काढला तर वस्तू होते. गंमत म्हणजे मिश्र मंडळींसाठी आपल्याकडे सोय आहे: दोघे पुरुष, दोघी बायका, एकेक असेल तर दोघं. पण या 'दोघं'चं सर्वनाम काय? 'ती'! झालं, फिरून परत तिथेच.

मी गळ टाकून बसून होत... (बघा, इथेच घसरायला झालं असतं.) माझी आपली गळ टाकून प्रतीक्षा चालू होती, की कधीतरी त्यांच्याकडून एखादं 'गेलो' नाहीतर 'गेले' येईल. एकदा 'मी जरा बाहेर गे' एवढंच आलं. बोट चुकून पडलं असावं. माझा श्वास अडकला. तीन ठिपके नाचले, थांबले, पुन्हा नाचले. मग आलं: 'बाहेर जावं लागलं.'

आणि अशात त्यांचा परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं. शंभर शब्द, तृतीयपुरुषी. 'ते वाढले' की 'त्या वाढल्या'? व्याकरणाचं पुस्तक काढल्यावर लक्षात आलं, की 'त्यांनी' हा शब्द देवमाणूस आहे. त्यांनी शिक्षण घेतलं, त्यांनी पुस्तक लिहिलं, क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि कर्ता सुखरूप राहतो. पण 'म्हणणे' दगा देतं. म्हणून 'म्हणाले' कापलं आणि 'त्यांचं म्हणणं पडलं' घातलं. जिथे काहीच जमेना, तिथे भविष्यकाळ. येईन, येशील, येतील. मराठीत भविष्यकाळाला लिंग नाही. ही आशा नव्हे, निव्वळ व्याकरण आहे. त्यामुळे परिचयाचा शेवट असा झाला: 'यापुढेही त्या—' नव्हे, 'यापुढेही लेखन चालू राहील.' परिचय वाचून आधीच्या लेखनाबद्दल शंका यावी, पण इलाज नव्हता.

पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं.

'परिचय आवडला. तुमच्यासाठी आभाराची ओळ लिहायची आहे. एक विचारायचं होतं, सहा महिने राहूनच गेलं. पहिल्या दिवसापासून तुमच्या लिहिण्यातून काही कळू दिलं नाहीत. तुम्हाला सांगायचं नसेल असं वाटलं, म्हणून इकडूनही तशीच काळजी घेतली.'

पहिल्या दिवशीचा माझा निरोप शोधला. 'मजकूर मिळाला. बघून कळवीन.' बस्स, एवढंच. त्यावर बिचाऱ्या जिवानं सहा महिने भावे प्रयोगातली मराठी लिहिली.

मी उत्तरादाखल एकच शब्द पाठवला. क्रियापद, साधा वर्तमानकाळ. तिकडूनही तसाच एक शब्द आला. अंदाज दोघांचेही चुकले.

परिचय आता नीट करून घेऊ, असं मी सुचवलं. राहू दे की तसाच, त्यांचं म्हणणं पडलं.